कावेरीच्या मातीतला घरचा बुद्ध

तिरुवैयारु म्हटले की संगीताची आवड असलेल्या माणसाला एकच नाव आठवते, त्यागराजांचे. तंजावरपासून अवघ्या तेरा किलोमीटरवर, कावेरीच्या काठी वसलेले हे गाव. नावाचा अर्थच पाच पवित्र नद्यांचे गाव. त्यागराजांचे (1767–1847) बहुतेक आयुष्य याच गावात गेले आणि त्यांची समाधीही इथल्याच नदीकाठी आहे. त्या काळात तंजावरच्या गादीवर आपले मराठी भोसले राजे होते. सरफोजी राजांकडून दरबारात येण्याचे बोलावणे आणि देणग्या आल्या, त्यागराजांनी त्या नाकारल्या. घरात चालून आलेली लक्ष्मी परत जाताना पाहून थोरल्या भावाचा संताप अनावर झाला आणि त्याने त्यागराजांच्या रोजच्या पूजेतल्या राममूर्ती उचलून कावेरीत टाकल्या, अशी कथा सांगतात. पुढे त्यागराज त्या शोधत फिरले आणि अखेरीस नदीच्या पात्रातच त्यांना त्या सापडल्या.

कथेतले खरे किती आणि भक्तांनी घातलेले किती, याचा हिशेब मांडत बसण्यात अर्थ नाही. पण एक गोष्ट त्या भावाने अचूक ओळखली होती. त्याने पोथी टाकली नाही, तंबोरा फोडला नाही, थेट मूर्तीच उचलल्या. घरातली हातभर उंचीचीसुद्धा नसलेली मूर्ती माणसाला कुठे बांधून ठेवते, हे घरच्या माणसालाच ठाऊक असते.

याच कावेरीच्या काठाने तिरुवैयारुहून कुंभकोणमकडे निघाले की तासाभराच्या अंतरावर स्वामिमलै लागते. तिथले शिल्पी नदीच्या गाळाच्या मातीत मूर्ती ओततात. नटराज, पार्वती, गणपती, मुरुगन यांच्या रांगेत गेली कित्येक वर्षे आणखी एक मूर्ती दिसते. मांडी घातलेली, डोळे अर्धे मिटलेले, अंगावर एकही दागिना नसलेली. ती बुद्धाची. अनेकांना वाटते, ही अलीकडची टूम असावी; परदेशी पाहुण्यांना बुद्ध आवडतो म्हणून शिल्प्यांनी नवा माल काढला असावा. प्रत्यक्षात हकीकत उलटी आहे. याच नदीच्या मुखाकडच्या प्रदेशात, याच पद्धतीने, हजार वर्षांपूर्वी बुद्धाच्या लहान लहान मूर्ती ओतल्या जात होत्या. मध्ये तीन-चारशे वर्षांचा खंड पडला, एवढेच.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मराठी घराघरांतल्या भिंतीवरचे, कोनाड्यातले जुने देव उतरले. त्या जागी काय ठेवायचे, हा प्रश्न तेव्हा खराखुरा होता. बहुतेक घरांत आधी आली ती तसबीर. मूर्ती पुढे आल्या, आणि त्याही मिळेल तशा. प्लॅस्टरच्या, संगमरवराच्या भुकटीच्या, फायबरच्या. दीक्षेच्या दोन वर्षे आधी, 25 डिसेंबर 1954 रोजी, बाबासाहेबांनी पुण्याजवळ देहूरोडला ज्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, ती रंगूनहून आणलेली होती. बुद्धाच्या देशात बुद्धाची मूर्ती ब्रह्मदेशातून यावी, यावरून आपल्याकडे ही परंपरा किती पुसली गेली होती याची कल्पना येते.

आजही बाजारात फिरले तर काय दिसते? गल्लोगल्लीच्या भेटवस्तूंच्या दुकानात पोट सुटलेला, हसणारा, पाठीवर पोतडी घेतलेला 'लाफिंग बुद्ध'. हौसेने घरी आणणाऱ्या कित्येकांना माहीत नसते की हा गौतम बुद्ध नव्हेच. तो बुदाई नावाचा चिनी भिक्षू. भला माणूस होता म्हणतात. पण त्रिशरण-पंचशील म्हणताना समोर ठेवावी अशी ती मूर्ती नाही. मग वंदनेच्या जागेसाठी चांगली, हाताने घडवलेली, आपल्याच मातीतली लहानशी बुद्धमूर्ती कुणाला हवी असेल तर? त्याचे उत्तर शोधायला कावेरीच्या मुखाकडे जावे लागते.

नागपट्टणम हे तंजावरच्या पूर्वेला, समुद्रकाठचे जुने बंदर. चोळ राजांच्या काळात चीन आणि सुमात्राकडे जाणारी-येणारी गलबते इथे लागत. सुमात्रा आणि मलाया भागात तेव्हा श्रीविजय राज्य होते आणि त्याचे राजे बौद्ध होते. इसवी सन 1006 च्या सुमारास श्रीविजयच्या राजाने आपले वडील चूडामणिवर्मन यांच्या नावाने नागपट्टणमला एक विहार बांधवला, चूडामणी विहार. तंजावरचे प्रचंड बृहदीश्वर मंदिर उभारणारा राजराज चोळ हा कट्टर शिवभक्त. पण त्याने या विहाराच्या खर्चासाठी आनैमंगलम नावाच्या गावाचे उत्पन्न तोडून दिले. पुढे त्याचा मुलगा राजेंद्र याने ते दान ताम्रपटांवर कोरून घेतले. हेच ते इतिहासात प्रसिद्ध असलेले लायडनचे ताम्रपट. डच अंमलाच्या काळात ते हॉलंडला गेले, म्हणून हे नाव. गंमत अशी की वडिलांचे दान कोरून घेणाऱ्या याच राजेंद्राने 1025 मध्ये आरमार पाठवून श्रीविजयवर स्वारी केली. विहार मात्र चालूच राहिला. राजकारण एकीकडे आणि धर्मादाय एकीकडे ठेवण्याची कला त्या काळी होती असे दिसते.

विहार मोठा, पण लोकांची भक्ती लहान मूर्तींतून व्यक्त होई. नवस फेडायला, पुण्य जोडायला, आईवडिलांच्या नावाने अर्पण करायला माणसे आपापल्या ऐपतीची मूर्ती करवून घेत. काही तळहातावर मावतील एवढ्या, काही वीतभर, थोड्या मोठ्या मिरवणुकीसाठी. काहींच्या पीठावर तमिळ अक्षरांत दात्याचे नाव कोरलेले असे. मोठे विहार पडले. त्यांच्या विटा लोकांनी नेल्या. नागपट्टणमला समुद्रावरून खलाशांना दिसणारा एक तीन मजली विटांचा मनोरा एकोणिसाव्या शतकापर्यंत कसाबसा उभा होता. गोरे लोक त्याला 'चिनी पॅगोडा' म्हणत. 1867 मध्ये जेझुइट पाद्र्यांनी मद्रास सरकारची परवानगी घेऊन तो पाडला. दगडविटांचे असे झाले. लहान मूर्ती मात्र जमिनीखाली टिकून होत्या.

1856 पासून त्या सापडू लागल्या. मोहाच्या जातीचे एक जुने झाड तोडताना त्याखालीही काही मूर्ती निघाल्या. 1934 पर्यंत हा आकडा साडेतीनशेच्या घरात गेला. नवव्या शतकापासून सोळाव्या-सतराव्या शतकापर्यंतच्या त्या आहेत. टी. एन. रामचंद्रन यांनी मद्रासच्या संग्रहालयासाठी या मूर्तींवर लिहिलेला ग्रंथ 1954 मध्ये निघाला. म्हणजे देहूरोडला रंगूनची मूर्ती बसली त्याच वर्षी, दक्षिणेतल्या आपल्याच बुद्धमूर्तींची नोंद पुस्तकात होत होती. आज यांतल्या पुष्कळ चेन्नईच्या एग्मोर येथील संग्रहालयात आहेत. काही लंडनला, काही अमेरिकेत पोचल्या.

या बुद्धाची एक खूण पटकन ओळखता येते. डोक्यावरच्या उंचवट्यातून, म्हणजे उष्णीषातून, एक ज्वाळा वर निघालेली असते. सिंहलद्वीपात आणि आग्नेय आशियात अशी ज्वाळा दिसते. उत्तरेकडच्या गांधार किंवा सारनाथच्या बुद्धाला ती नसते. पण चेहरा पाहावा तर थेट चोळ काळातला, जवळपासच्या देवळातल्या शिवाच्या किंवा विष्णूच्या मूर्तीचा सख्खा भाऊ शोभावा असा. याचे कारण उघड आहे. घडवणारे हात त्याच परंपरेतले होते.

ते नुसते घडवत नव्हते, पूजतही होते. न्यूयॉर्कच्या एशिया सोसायटीच्या संग्रहात नागपट्टणमची एक उभी बुद्धमूर्ती आहे, अकराव्या शतकाच्या अखेरची. तिच्या पीठावरच्या तमिळ लेखात ती धातुकाम करणाऱ्यांच्या विहारातली उत्सवमूर्ती असल्याचे म्हटले आहे, आणि अठरा देशांतल्या धातुकारांचा त्यात उल्लेख येतो. ज्यांनी आयुष्यभर इतरांसाठी देव ओतले, त्या कारागिरांचा स्वतःचा बुद्ध होता.

पुढे काय झाले? कुठल्या एका राजाने एका दिवसात बौद्ध धर्म बुडवला असे नाही. कुंभकोणमच्या कुंभेश्वर मंदिरात 1580 सालचा एक शिलालेख आहे, त्यात जवळच्याच एका बुद्धाच्या देवळाचा उल्लेख येतो. म्हणजे मराठे तंजावरला पोचण्याच्या शंभरेक वर्षे आधीपर्यंत इथे बुद्धाचे देऊळ माहीत होते. व्यंकोजी राजांनी 1676 च्या सुमारास तंजावर घेतले, तोवर बहुधा आठवणच उरली असावी. दगडी बुद्ध शेतात, बांधावर, तळ्याकाठी उघडे पडले. तंजावर, तिरुवारूर, नागपट्टणम या भागांतल्या खेड्यांत ते आजही सापडतात. गावकरी त्यांना मुनी म्हणतात, ऋषी म्हणतात, एखाद्या गावात चेट्टियार म्हणूनही ओळखतात. पाऊस यावा म्हणून पाणी घालतात, पोंगलला माळ घालतात. नाव विसरले, पण हात जोडायचे राहिले नाहीत.

ते नाव परत मिळवून देण्याची धडपड तमिळ मुलखातही झाली, आणि आपल्या बाबासाहेबांच्याही आधी. पंडित अयोत्तिदास यांनी 1898 मध्ये मद्रासला शाक्य बौद्ध संघाची स्थापना केली. दलित समाज मूळचा बौद्धच, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्तुळातले प्राध्यापक लक्ष्मी नरसू यांनी बौद्ध धर्मावर लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकाची 1948 ची आवृत्ती निघाली, तेव्हा तिला प्रस्तावना लिहिली बाबासाहेबांनी. तेव्हा मराठी बौद्ध घरात कावेरीकाठची मूर्ती येणे ही काही परक्या प्रांतातली खरेदी म्हणता येणार नाही.

आता ती होते कशी, ते पाहू.

स्वामिमलैचा स्थपती आधी ग्राहकाला दोनच गोष्टी विचारतो. उंची किती आणि मुद्रा कोणती. ध्यानमुद्रा असेल तर दोन्ही हात मांडीवर, तळवे वर. भूमिस्पर्श असेल तर उजवा हात गुडघ्यावरून खाली, बोटे जमिनीकडे. अभय असेल तर हात वर, तळवा समोर. उंची ठरली की तो नारळाच्या झावळीची एक पात घेतो, मूर्तीच्या उंचीएवढी कापतो आणि तिला घड्या घालतो. प्रत्येक घडी म्हणजे एक माप. चेहऱ्याची लांबी हा मूळ ताल, त्याचे बारा अंगुळे. कपाळ किती, नाक किती, गळा ते छाती किती, सगळे त्या पातीवर उमटते. फूटपट्टी तिथे दुय्यम. पात मूर्तीगणिक नवी, म्हणून पाच इंचाची मूर्ती असो की पाच फुटांची, प्रमाण बिघडत नाही.

मग येते मेण. मधमाश्यांचे मेण, राळ आणि थोडे शेंगदाण्याचे तेल एकत्र वितळवून त्याचा घट्ट गोळा करतात. थंड पाण्यात हात बुचकळत, गरम पळीसारख्या हत्याराने डोके, धड, हात, मांड्या वेगवेगळ्या घडवतात आणि मग जोडतात. बुद्धाच्या मूर्तीत दागिने नसल्याने काम सोपे असेल असे वाटते, पण जाणकारांचे मत नेमके उलटे आहे. नटराजाच्या जटा, नाग, प्रभावळ यांत एखादी रेघ इकडेतिकडे झाली तरी नजर ठरत नाही. बुद्धाच्या गालाची गोलाई जरा चुकली की चेहरा रुसलेला दिसू लागतो. लपायला जागाच नाही.

मेणाची मूर्ती तयार झाली की तिच्यावर कावेरीचा गाळ चढतो. पुराबरोबर वाहून आलेली ही माती लोण्यासारखी मऊ. ती कपड्यातून गाळावी तशी बारीक करून, भाताचे जळके तूस मिसळून, पहिला लेप हाताने देतात. तो लेप मूर्तीच्या पापणीची रेघसुद्धा आपल्या अंगावर उतरवून घेतो. सावलीत वाळवायचे, मग दुसरा थर, मग जाड तिसरा. मूर्ती मोठी असेल तर वरून लोखंडी तार आवळतात. ही माती दुसरीकडून आणून भागत नाही, असे स्वामिमलैचे लोक सांगतात. त्यांच्या पूर्वजांनी मंदिरांची कामे करता करता याच ठिकाणी मुक्काम ठोकला तो या मातीसाठी, अशी त्यांच्यात आठवण आहे.

वाळलेला साचा गोवऱ्यांच्या आचेवर धरला की आतले मेण वितळून भोकातून बाहेर पडते. आत मूर्तीच्या आकाराची पोकळी राहते. जेवढे मेण वापरले त्याच्या साधारण आठ ते दहापट वजनाचा धातू लागतो, हा हिशेब त्यांच्या तोंडपाठ. तांबे मुख्य, त्यात पितळ आणि शिसे, सोने-चांदी नावापुरती. काही गिऱ्हाइके घरातल्या दागिन्याचा गुंजभर तुकडा मुद्दाम त्या रसात टाकायला देतात. रस ओतला जातो, साचा गार होऊ देतात आणि मग तो फोडतात. साचा गेला. त्यातून दुसरी मूर्ती होणे नाही. पुढचे सगळे काम छिन्नी आणि कानसीचे. चेहऱ्याला शेवटी हात लावतात आणि डोळे सगळ्यांत शेवटी. श्रीलंकेतही मूर्तीचे डोळे उघडण्याचा वेगळा विधी आहे. तिथे डोळे रंगवणारा मूर्तीकडे थेट पाहत नाही, आरशात पाहून बुबुळ काढतो.

याच गावातून 2023 मध्ये दिल्लीच्या भारत मंडपमसाठी सत्तावीस फुटी, अठरा टनांचा नटराज गेला, तेव्हा वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले. त्याच पद्धतीने घडणाऱ्या सहा इंची बुद्धाची बातमी होत नाही. पण गावाची चूल अशा लहान मूर्तींवरही पेटते. आणि लहान मूर्तीलाच आता धोका आहे. रबराच्या साच्यातून मेणाच्या शंभर प्रती काढून एका दिवसात ओतता येतात. लांबून पाहिले तर फरक कळत नाही आणि किंमत कितीतरी कमी. हाताने मेण घडवायला काही वर्षांची उमेदवारी लागते. जो मुलगा ती करील, त्याला त्या बाजारभावात पोट भरता आले पाहिजे.

म्हणून घेणाऱ्याने थोडे पाहून घ्यावे. एकाच नमुन्याच्या दोन मूर्ती शेजारी ठेवायला सांगाव्यात. हातच्या असतील तर कुठेतरी वेगळ्या निघतीलच, ओठाच्या कोपऱ्यात किंवा बोटांच्या वळणात. मूर्ती फिरवून पाठ पाहावी. हातच्या कामात चीवराची घडी पाठीवरही तितक्याच काळजीने कोरलेली असते, घाईच्या मालात पाठ सपाट. उचलून वजन घ्यावे. दक्षिणेतली ही मूर्ती आतून भरीव असते, आकाराच्या मानाने हाताला चांगलीच जड लागते. 'पंचधातू' या शब्दावर भुलू नये, तो आता कुठल्याही पितळेला लावतात. तमिळनाडू सरकारच्या 'पूंपुहार' या हस्तकला महामंडळाचे स्वामिमलैला स्वतःचे उत्पादन केंद्र आहे, आणि स्वामिमलैच्या मूर्तींना भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. पावती मागायला संकोच करू नये.

सगळ्यात सावध राहायचे ते 'जुनी आहे हो' म्हणणाऱ्यापासून. नवी मूर्ती मातीत पुरून, आम्लाने हिरवी करून प्राचीन म्हणून विकण्याचा धंदा जुनाच आहे. आणि खरोखर जुनी असेल तर प्रकरण अधिक गंभीर. 1972 च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या मूर्तीची नोंदणी लागते, परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. अशा मूर्ती कुठून येतात, याचे एक उदाहरण पुरे आहे. नालंदाच्या संग्रहालयातून 1961 मध्ये चोरीला गेलेली एक लहान कांस्य बुद्धमूर्ती सत्तावन्न वर्षांनी, 2018 मध्ये, लंडनला सापडून परत आली. मधल्या काळात ती कुणाकुणाच्या दिवाणखान्यात शोभेला बसली असेल, कोण जाणे. परदेशातल्या मुलासाठी किंवा लेकीसाठी नवी मूर्ती पाठवायची असेल, तर ती पुरातन नसल्याचा पुरातत्त्व खात्याचा दाखला आधीच घ्यावा. विमानतळावर वाद घालण्यापेक्षा ते सोपे.

घरी आणल्यावर फार काही करावे लागत नाही. बुद्धमूर्तीला नैवेद्य, अभिषेक, नवस यांची गरज नाही. ती मागणे ऐकणारी देवता नव्हे, ही गोष्ट दीक्षा घेतलेल्या घरांत लहान पोरही सांगते. पांढरी फुले, मेणबत्ती, अगरबत्ती आणि वंदना. बसल्यावर नजरेच्या थोडी वर येईल अशी स्वच्छ फळी पुरते. धातू रोज घासू नये. देवळांतल्या जुन्या उत्सवमूर्तींची नाके आणि ओठ शतकानुशतकांच्या अभिषेकाने आणि घासण्याने झिजून गेलेले दिसतात. मऊ, कोरड्या फडक्याने धूळ पुसली की झाले. काही वर्षांनी तांब्याची झळाळी जाऊन चेहऱ्यावर मधासारखा गडद रंग चढतो. हौशी लोक तो चिंचेने घालवायला बघतात, पण स्थपतीला विचारले तर तो नको म्हणेल. गुडघ्यावर, जिथे वंदना करताना घरातल्या माणसांची बोटे टेकतात, तेवढी जागा मात्र आपोआप उजळ राहते.